१५ आणि ५०च्या मधली गाडी

ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ला. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे पुढचा हिशेब सरळ होता. ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे संपली. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या वॉलवर तिचे फोटो होते. बाहेरचा मीटर, छतावरचं कॅरियर, सीटचं रंगीबेरंगी रेक्झिन, सिनेमातले प्रसंग, सगळं झालं. मीही दोन-चार फोटो शेअर केले. पण तिच्याबरोबर एक अख्खा बाजार गेला, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. जुन्या गाड्यांच्या पार्टचा बाजार. आज त्याबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हा बाजार आला कुठून ते बघू.

१९२८ साली जनरल मोटर्सनं शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. फोर्डचंही मुंबईत जोडणीचं काम चालायचं. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीनं यायचे, इथं जोडले जायचे आणि गाडी रस्त्यावर. १९४४मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या, म्हणजे डॉज, डिसोटो, प्लिमथ, निघू लागल्या. शिवाय महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल डिस्पोजलमध्ये निघाला होता. जीप, ट्रक, इंजिनं, टायर, पेट्याच्या पेट्या. थोडक्यात काय, स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईच्या रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या परदेशी गाड्या होत्या आणि त्यांची कंपनीही हाताशी होती.

मग १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथं खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही, असं सरकारनं ठरवलं. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. धोरण म्हणून मला ते चुकीचं वाटत नाही. आपल्याकडे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. पण रस्त्यावर आधीच असलेल्या शेवरोले, ब्यूक आणि फोर्ड यांचं काय? कंपनी गेली, गाड्या राहिल्या. परकीय चलनाची मारामार, प्रत्येक आयातीला परवाना. एका वॉटर पंपासाठी दिल्लीला अर्ज कोण करणार?

इथं चोर बाजार कामाला आला.

मटन स्ट्रीट आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्या. आज तिथं लोक ग्रामोफोन आणि जुनी पोस्टरं बघायला जातात, रील काढतात. शुक्रवारी पहाटे फुटपाथवर भरणारा जुम्मा बाजार तर प्रसिद्धच आहे. पण गाडीवाल्या माणसाला तिथं वेगळंच काही दिसायचं. हेडलाइटची रिंग, हॉर्न, बंपर, दाराची हँडलं, डॅशबोर्डवरची घड्याळं. तुमच्या गाडीची व्हीलकॅप रात्री चोरीला गेली की सकाळी तिथं जाऊन तीच विकत आणायची, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. नवे पार्ट हवे असतील तर ऑपेरा हाउसची दुकानं. आणि अख्खी गाडी मोडलेली हवी असेल, म्हणजे गिअरबॉक्स, ॲक्सल, दरवाजे, तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. गंमत बघा, कुर्ल्यातच गाडी जन्माला यायची आणि तिथून हाकेच्या अंतरावर ती कटिंगला जायची.

हे फक्त मुंबईचं नव्हतं. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, जिथं पान्यांच्या ढिगात एखादा कार्ब्युरेटर सापडायचा. चेन्नईचं पुदुपेट, दिल्लीचं मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, मेरठचं सोतीगंज. प्रत्येक मोठ्या शहराला असा एक काळ्या तेलाचा मोहल्ला होता. आणि जो पार्ट कुठंच मिळत नाही तो बनवून घ्यायचा असेल तर लेथवाला. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना नेऊन दिला की ओतकाम आणि टर्निंग करून तसाच भाग हातात पडायचा.

या बाजारात रोख पैशाइतकीच अदलाबदल चालायची. ज्यांनी गॅरेजमध्ये वेळ घालवलाय त्यांना हे सांगायला नको, पण नव्या मुलांसाठी लिहितो. ब्रेक शू घ्या. शू म्हणजे लोखंडी कमान, तिच्यावर लायनर असतो. झिजतो तो लायनर, कमान नाही. तर दुकानदार काय करायचा, त्याच्याकडे नवीन लायनर रिबीट मारून तयार असलेले शू टांगलेले असायचे. तुम्ही तुमचे झिजलेले जमा करायचे, तयार जोडी उचलायची आणि फरकाचे पैसे द्यायचे. तुमचे जुने शू दुपारपर्यंत नवीन लायनर लावून पुन्हा खुंटीवर. क्लच प्लेट तशीच, डायनॅमो तसाच, स्टार्टरचं आर्मेचर तसंच. आमच्या घरी १९७६ची पद्मिनी होती. तिच्यात शेवटी कंपनीचा म्हणावा असा डायनॅमो कुठला होता, हे वडिलांनाही सांगता आलं नसतं. किती गाड्या फिरून तो आमच्याकडे आला आणि आमचा कुठं गेला, देव जाणे. पण गाडी सुरू व्हायची.

यासाठी एक अट होती. तोच पार्ट हजारो गाड्यांना चालला पाहिजे. खुंटीवर टांगलेली जोडी आठवड्याभरात कुणीतरी उचललीच पाहिजे, नाहीतर दुकानदाराचं भांडवल अडकतं. ही अट शौकीन लोक पूर्ण करत नव्हते. विंटेज गाडीवाला वर्षातून एकदा येणार, घासाघीस करणार, आणि त्याला हवी असते १९३८च्या मॉडेलची एकच टेल लॅम्पची काच. त्याच्यावर दुकान चालत नाही. दुकान चालायचं टॅक्सीवर.

आणि टॅक्सी म्हणजे फियाट. १९५०च्या दशकात कुर्ल्यात फियाट ११०० बनायला लागली. तीच ती आपली गोलमटोल 'डुक्कर' फियाट. १९६४ला डिलाइट आली, १९७४ला तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. नावं बदलली, लोखंडी जाळी बदलली, दिवे बदलले, पण आतली १,०८९ सीसीची गाडी थोड्याफार फरकानं तीच राहिली, अगदी नव्या शतकापर्यंत. गाडीच्या कंपनीच्या दृष्टीनं हा आळस होता. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यावर लोकांनी तो आळस बरोबर ओळखला. पण पार्टच्या बाजाराच्या दृष्टीनं ही पर्वणी होती. १९६६च्या गाडीचा दरवाजा १९८८च्या गाडीला थोडी ठोकाठोकी करून बसायचा. १९९०च्या दशकात मुंबईत ६० हजारांवर टॅक्सी होत्या, त्यांतल्या बहुतेक याच. प्रत्येक गाडी दोन पाळ्यांत चालणार, म्हणजे ब्रेक, क्लच, किंगपिन आणि कमानपाटे यांचा खप रोजचा. त्या रोजच्या खपावर कुर्ल्याचा कटिंगवाला, लायनरवाला, आर्मेचर भरणारा, रेडिएटरला डाग देणारा आणि लेथवाला असे सगळे जगले. आणि ते जगले म्हणून मलबार हिलवरच्या शेठचं जुनं ब्यूकही जगलं. त्याचा वॉटर पंप दुरुस्त करणारा माणूस बाकीचे ३६४ दिवस टॅक्सीचं काम करत होता.

अदलाबदल म्हटलं की काही जणांना अमेरिकेतल्या 'स्वॅप मीट' आठवतील. पेनसिल्व्हानियातल्या हर्शी गावात १९५५पासून दर ऑक्टोबरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो आणि त्याच्याभोवती पार्टचा बाजार. पुढे तो इतका वाढला की विक्रेत्यांच्या जागाच हजारोंनी मोजायला लागल्या. इंग्लंडमध्ये ब्यूलीला लॉर्ड माँटेग्यू यांनी १९६७ला असाच बाजार सुरू केला, 'ऑटोजंबल' हा शब्दच तिथला. त्यांच्याकडेही आता ओरड आहे. ईबे आल्यापासून माणूस घरबसल्या पार्ट शोधतो, चिखलात चालत कोण जाणार. जुनी पिढी वयस्कर झाली, ट्रक भरून माल आणणं त्यांना झेपत नाही, पोरांना त्या गाड्यांचं आकर्षण नाही. मोठे बाजार टिकून आहेत, छोटे गळतायत.

पण त्यांचा बाजार पहिल्यापासून हौसेचा. सुटीच्या दिवसाची जत्रा. हौस कमी झाली तरी त्यामागे पार्ट नव्यानं बनवणारा धंदा उभा राहिलेला आहे. इंग्लंडमध्ये ब्रिटिश लेलँडनं १९७५ला त्यासाठी वेगळी कंपनी काढली, जी आजही जुन्या एमजीचा नवा सांगाडा बनवून देते. आपला बाजार टंचाईतून आला आणि पोटावर चालला. त्याच्यामागे कुणी नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या जागेवर आज कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत.

आता उतरण कशी लागली ते. एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पहिला धक्का नव्या गाड्यांचा. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, ईसीयू आला. हा माल उघडून दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. आर्मेचर भरणाऱ्याच्या हातातलं कसब एका पिढीत निरुपयोगी झालं. त्याचा मुलगा तरी तो धंदा का शिकेल? मी त्या मुलाला दोष देणार नाही.

दुसरा धक्का टॅक्सीचा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. २००८ला टॅक्सीसाठी २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ला ती २० वर झाली. तुम्ही म्हणाल, गाड्या मोडीत निघाल्या म्हणजे बाजारात माल वाढला, धंदा चांगला झाला असेल. उलट. एकाच वेळी हजारो गाड्या कटिंगला आल्या आणि त्याच वेळी त्यांचे पार्ट घेणाऱ्या गाड्या कमी झाल्या. गिऱ्हाईकच माल बनून आलं म्हणा ना. अशा वेळी दुकानदार शहाणपणानं जे करायचं तेच करतो, माल काट्यावर घालतो. चांगले गिअरबॉक्स किलोच्या भावानं भट्टीत गेले. आज जे लोक पद्मिनीच्या क्राउन-पिनियनसाठी शहरभर फोन करतात, त्यांना हवे असलेले पार्ट याच काळात वितळले.

तिसरी गोष्ट जागा. जुन्या पार्टचा धंदा म्हणजे मोठी जागा आणि मंद उलाढाल. एखादी वस्तू दहा वर्षं पडून राहते आणि मग एक दिवस तिचा माणूस येतो. असा धंदा स्वस्त जागेतच होतो. सीएसटी रोडच्या शेजारी बीकेसी उभं राहिलं, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड आला. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर पुनर्विकास सुरू आहे, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती त्यात आहेत. पुनर्विकास नको असं म्हणायची माझी हिंमत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ला तिथलीच हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी माणसांनी जुन्या इमारतीत मरावं असं कोण म्हणेल? पण नव्या इमारतीच्या चकचकीत गाळ्यात तेलकट गिअरबॉक्स दहा वर्षं ठेवता येत नाही, हेही खरं.

चौथी गोष्ट आपण हळवे लोक विसरतो. हा बाजार साधुसंतांचा नव्हता. चोरीच्या गाड्या रात्रीत कटिंगला जायच्या, चासी नंबर घासले जायचे. मेरठचं सोतीगंज तर त्यासाठीच बदनाम झालं आणि डिसेंबर २०२१मध्ये पोलिसांनी ते बंद केलं. तेल गटारात, ॲसिड मातीत, कामगाराच्या हातात मोजेसुद्धा नाहीत. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट निघालं होतं, एक कामगार त्यात दगावला. ते उपकरण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात आलं होतं, म्हणजे बेजबाबदारपणा भंगारवाल्याइतकाच सुशिक्षितांचाही. तरी मुद्दा राहतोच, या धंद्याला नियम हवे होते.

नियम आले. ऑगस्ट २०२१ला स्क्रॅपिंग धोरण जाहीर झालं, सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी थांबली. खासगी गाडी मोडीत काढून नवी घेतली तर रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत. दिशा स्पष्ट आहे, १५ वर्षं झाली की गाडी काढा.

आणि त्याच वर्षी, जुलै २०२१ला, त्याच खात्यानं विंटेज गाड्यांसाठी नियम काढले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला विंटेज म्हणून नोंदता येईल, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतील, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत बदल केलेला चालणार नाही.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचा. १५व्या वर्षी सरकार म्हणतं, ही जुनाट आहे, मोडीत काढा. ५०व्या वर्षी म्हणतं, हा वारसा आहे, मूळ रूपात दाखवा. मधली ३५ वर्षं तिनं कशावर काढायची? मूळ पार्ट कुठून आणायचे, जर तिच्या सगळ्या बहिणी १५व्या वर्षी भट्टीत गेल्या असतील आणि पार्ट विकणारा बाजार उठला असेल? १९८५ची पद्मिनी आज ना इकडची ना तिकडची. २००१ला बाहेर पडलेली पद्मिनी विंटेज होईल २०५१ला. तोवर तिचे ब्रेक शू कुणाकडे असतील?

राजे-महाराजांच्या गाड्यांची मला काळजी नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, लोक डोळे भरून बघतात. अशी गाडी टिकते कारण तिच्यामागे घराणं आहे, पैसा आहे, गावाचं प्रेम आहे. भाग मिळाला नाही तर जर्मनीहून मागवता येतो किंवा एकच नग घडवून घेता येतो. खरी अडचण साध्या गाडीची आहे. शिक्षकानं कर्ज काढून घेतलेली फियाट, डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड, तालुक्याच्या गावातली जीप. आपल्या मध्यमवर्गाचा इतिहास या गाड्यांत आहे. एकच नग घडवून घेण्याइतकी त्यांची किंमत नसते, आणि म्हणून त्यांना बाजार लागतो.

माझ्या मते यावर फार मोठं काही करावं लागणार नाही. स्क्रॅपिंग केंद्रांना नियमानं सांगा की गाडी दाबायच्या आधी वापरण्याजोगे पार्ट काढा, कुठल्या गाडीतून काढले त्याची पावती करा आणि काउंटरवर विका. चोरीचा प्रश्नही त्यानं सुटतो, कारण पावतीचा माल स्वच्छ असतो. कुर्ल्याच्या आणि नाना पेठेच्या जुन्या लोकांना त्या काउंटरवर घ्या. कुठला पार्ट कशाला बसतो हे त्यांना कॅटलॉग न उघडता माहीत आहे. आणि ३० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी मधला एक वर्ग करा. वर्षाला मोजके किलोमीटर चालवायची परवानगी द्या, प्रदूषणाची तपासणी कडक ठेवा, हरकत नाही.

टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं एक तरी पद्मिनी जपून ठेवावी अशी मागणी सरकारकडे केली होती. ती मान्य झाली पाहिजेच. आणि ठेवायची तर चालू स्थितीत ठेवा, वर्षातून एकदा गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन येईल अशी.

तोवर एक काम आपल्या हातातलं. कुणाच्या माळ्यावर, बंद गॅरेजात, वडिलांच्या पेटीत फियाटचे किंवा हेराल्डचे पार्ट पडले असतील तर दिवाळीच्या सफाईत किलोवर देऊ नका. सगळ्यात जास्त शोध असतो तो टेल लॅम्पच्या लाल काचा, दाराची आतली हँडलं, काच वर-खाली करायची मशीन, सोलेक्स कार्ब्युरेटर आणि काटा चालू असलेला स्पीडोमीटर यांचा. काय आहे आणि गाव कुठलं एवढं खाली लिहा. ज्यांना काय हवंय त्यांनीही लिहा.